माझ्यापर्यंत न पोहोचलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी हृदयपेशी आहे. जमनाबाईंच्या जन्माआधीच घडलेली. आम्ही क्वचितच नव्याने तयार होतो. गेलेल्या पेशीची जागा बहुधा व्रणच घेतो.

माझ्या केंद्रकात ग्राही नावाची प्रथिने जनुकांना चिकटून बसलेली असतात. रक्तातून थायरॉइडचे संप्रेरक आले, की ती त्याला धरतात आणि जनुके कामाला लागतात. ठोका वेगाने आणि जोमाने पडतो. स्नायूंमधले ग्राही अशाच रीतीने इंधन जाळायला लावून शरीर ऊबदार ठेवतात. संप्रेरक आलेच नाही, तर ग्राही नुसते स्वस्थ बसत नाहीत. तेच जनुकांना दाबून धरतात.

जमनाबाईंची थायरॉइड ग्रंथी तरुणपणीच निकामी झाली. पुढे वर्षानुवर्षे त्यांनी सकाळची गोळी पाण्यासोबत घेतली आणि आम्ही बिनतक्रार राबलो. डॉक्टर ठोके ऐकून शाबासकी देत, तीही गोळीला.

मग बेंगळुरातल्या बसवनगुडीत, त्यांच्या घरी, एक गारठ्याचा हिवाळा आला. त्यांचे यजमान उमाजी म्हणाले, "स्वल्प गरम पोटात जाऊ दे." तेव्हापासून जाग येताच फिल्टर कॉफी आणि तिच्यासोबतच थायरॉइडची व हाडांसाठी कॅल्शियमची गोळी, असा नेम झाला. कॉफी आणि कॅल्शियम ते औषध आतड्यातून रक्तात नीट शिरू देत नाहीत. बाईंना अधिकच थंडी वाजे. उमाजी कॉफी अधिक कडक करीत.

भर उन्हाळ्यात त्या स्वेटर घालून बसत. आई, तू बेंगळुरात राहतेस की उटीत, अशी मुलगी अक्षरा थट्टा करी. चेहरा सुजला, नाडी मंदावली. सगळ्यांनी वयाला दोष दिला. रक्त कोणी तपासले नाही. शेवटी त्या शुद्ध हरपून पडल्या.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारले, गोळी बंद केली होती का?

"एक दिवस चुकवली नाही," उमाजी म्हणाले. "कॉफीबरोबर मीच हातावर ठेवत होतो."

डॉक्टरीणबाईंनी कॉफी आणि कॅल्शियमचे सारे समजावून सांगितले.

"म्हणजे रोज दिली," उमाजी हळू आवाजात म्हणाले, "आणि रोज दिलीच नाही."

आता औषध थेट शिरेतून येते आहे. ग्राही ते धरतात, जनुके उघडतात. पण थकलेल्या हृदयाला तो वेगही पेलवत नाही. माझ्या शेजारच्या पेशी थांबत चालल्या आहेत. अक्षरा आईचे गार तळवे चोळते आहे. त्याने येणारी ऊब त्वचेपुरतीच असते.

मित्रांनो, माया ग्राहींना कळत नाही. त्यांना संप्रेरकच लागते. तुमच्या घरी कोणी ही गोळी घेत असेल, तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत द्या. कॉफी तासाभराने, कॅल्शियम चार तासांनी. आणि कोणी सारखे थंडीने कुडकुडत असेल, तर हसण्याआधी रक्त तपासून घ्या. हे ऐकायला जमनाबाई उरतील, असे मला वाटत नाही.