ओळीतला शेवटचा जोड

मी एक जुना बुटांचा ब्रश आहे. काळ्या पॉलिशचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्यात काळ्याचा ब्रश वेगळा आणि तपकिरीचा वेगळा, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझी पाठ लाकडाची, केस घोड्याचे. त्यातले निम्मे गळाले. मित्रांनो, हसू नका, तुमच्या आजोबांचेही गळालेच असतील.

कारखान्यातल्या एका बाईनं माझा एकेक झुपका भोकात बसवला, ओढून पाहिला आणि "हा टिकेल" म्हणून मला पेटीत टाकलं. पेटी सैन्यात गेली आणि मी एका एकोणीस वर्षांच्या जवानाच्या वाट्याला आलो. तेच माझे मालक.

लढाईचं मी फारसं सांगणार नाही, मालकही सांगत नसत. तळावर सगळ्यांचे बूट दाराशी एका ओळीत असत, टोकं बाहेरच्या बाजूला. जो आधी निघणार त्याचा जोड पहिला. मालकांचा एक दोस्त होता, भारी थट्टेखोर. एकदा तो साधे कापडी बूट घालून गस्तीवर गेला आणि परत आलाच नाही. त्याचा चामडी जोड ओळीत तसाच राहिला. मालकांनी तो माझ्याकडून चकाचक करून घेतला आणि त्याच्या आईकडे पाठवला. 

सैन्यातून सुटल्यावर मालकांनी कापडाच्या गोदामात नोकरी धरली, पण ओळ काही सुटली नाही. रोज पहाटे घरातल्या सगळ्यांच्या चपला-बूट पुसून, पॉलिश करून दाराशी लागायचे. मुलाचा जोड पहिला, त्याची शाळा लवकर. मग मालकीणबाईंच्या चपला. मालकांचा स्वतःचा जोड कायम शेवटी. "सगळे निघाले की मी," असं ते म्हणत. टाच झिजली, शिवण उसवली की त्यांना पायांच्या मालकाआधी कळायचं. मालकीणबाई चिडवायच्या, "देवानं दोन हात दिलेत, तुम्ही दोन्ही बुटांतच घालता!" मालक नुसते हसायचे.

संध्याकाळी ते पुन्हा दाराशी येऊन जोड मोजायचे. सगळे जोड घरी आल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. मुलगा कॉलेजात असताना एकदा उशिरा आला आणि ताट तसंच झाकलेलं पाहून वैतागला. "बाबा, मी काय लढाईवर गेलो होतो?"

"हातपाय धू, जेवायला बस," एवढंच मालक म्हणाले.

वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, सून आली, नात आली, ओळ लांबली. मालकांनी नव्वदी गाठली आणि त्यांचे डोळे गेले म्हणा ना. उजेड तेवढा कळायचा. तरी पहाटेचं काम चालूच. मग एके दिवशी नातीची नोकरी सुरू व्हायची होती. मालकांनी डबी उघडली, फडकं फिरवलं आणि मला उचललं. मी पाहतो तर काय, बूट तपकिरी! नातीचे कोरे करकरीत बूट! ओरडलो असतो, पण ब्रशाला तोंड कुठलं? घासत राहिलो.

नात तयार होऊन आली. उजवा काळा, डावा तपकिरी. तिनं एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. "आजोबा, आता डावाही काळा करून टाका. पटकन, मला उशीर होतोय."

पण मुलानं ते पाहिलं आणि त्याचा पारा चढला. "बाबा, आता पुरे! दिसत नाही तर कशाला हात घालता?" त्यानं मला, डब्यांना, सगळ्यांना उचलून कपाटावर टाकलं.

तीन महिने मी तिथं धूळ खात पडलो. माझं सोडा. खाली मालक दाराशी खुर्चीत बसून असायचे. काठीनं चाचपून जोड सरळ करायचे, तेवढंच. बोलणं कमी झालं, जेवणही. मालकीणबाई मुलाला म्हणाल्या, "अरे, बूट बिघडले तर दुसरे येतील. माणूस बिघडत चाललाय." मुलगा बूट चढवून निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला होता.

शेवटी एका रविवारी नात स्टुलावर चढली. मला खाली काढलं, झटकलं आणि माझ्या पाठीला एक जाड रबर गुंडाळलं. तसंच एक काळ्या डबीला. "आजोबा, रबर म्हणजे काळा. रबर नाही म्हणजे तपकिरी. आणि काळे बूट मी तुमच्या डाव्या हाताला ठेवत जाईन." मालकांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला. मग म्हणाले, "आण तुझे बूट."

दुसऱ्या दिवशी मुलानं आपला जोड मुकाट्यानं त्यांच्या डाव्या हाताला आणून ठेवला. मालकांनी तळ चाचपला. "टाच गेलीय तुझी. नवी बसवून घे, पाय मुरगळेल." मुलगा "हो बाबा" म्हणाला आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही.

त्यानंतर दोन वर्षं एकदाही रंग चुकला नाही.

मालक ब्याण्णवाव्या वर्षी गेले. दुपारी, त्याच खुर्चीत, बसल्या बसल्या. माणसं जमली. दारात चपला-बुटांचा हा ढीग! मुलगा बाहेर आला, खाली बसला आणि आल्यागेल्यांचे सगळे जोड एकेक करून ओळीत लावू लागला. टोकं बाहेर. मग त्यानं मला मागितलं. त्याला धड घासताही येत नव्हतं, पण त्यानं मालकांचा जोड चमकवला, आणि आयुष्यभर शेवटी राहिलेला तो जोड उचलून ओळीत सगळ्यांच्या पुढे ठेवला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काम काढून घेण्याआधी, घरात कुठं एखादं रबर सापडतंय का, ते बघा.