जिन्यातला प्लग

डॉक्टरेट मिळायच्या आधीच जिला आत्याची अख्खी इमारत ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून हाका मारते, तिच्या जिवाचं काय होत असेल ते तिचं तिलाच ठाऊक. त्यात ही चाळिशीला टेकलेली. बरोबरीच्या मैत्रिणी कधीच्याच परीक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि ही आपली अजून प्रबंधच लिहितेय. मुदत एकदा वाढवून झाली, दुसऱ्यांदा हातापाया पडून वाढवून झाली. आता विद्यापीठानं बजावलं होतं, हा हिवाळा संपायच्या आत प्रबंध आला तर आला, नाहीतर तुमचं नाव काढून टाकू.

विषय तसा साधा. घरात वीज किती जळतेय हे माणसाला सारखं डोळ्यांसमोर दिसत राहिलं, तर तो ती कमी वापरतो का? त्यासाठी तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायची एक छोटी पाटी बनवून घेतली होती. पाटीवर एक चेहरा. विजेचा वापर कमी झाला की तो हसायचा, वाढला की तोंड वाकडं करायचा. घरोघरचे आकडे आपोआप तिच्या कॉम्प्युटरवर यायचे. सगळं झकास, पण पाट्या लावायला घरं तर हवीत! दारोदार फिरून तिच्या नाकी नऊ आले. एक म्हणाला, आमच्यावर पाळत ठेवता काय? दुसरी म्हणाली, फुकट देतेच आहेस तर टीव्ही दे.

शेवटी धावून आली आत्या. आत्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एकटीच राहायची. सगळा जन्म शाळेच्या ऑफिसात गेला, त्यामुळे लोकांकडून काम कसं काढून घ्यायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. गुडघे पार गेलेले, जिना चढणं बंद. पण खिडकीत बसल्या बसल्या तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या एकेकाला पकडलं. ‘आमच्या पोरीनं लग्नाचं काही मनावर घेतलं नाही, निदान शिक्षण तरी पूर्ण होऊ द्या हो,’ असं म्हणून तिनं आठवडाभरात सगळी इमारत राजी केली. डॉक्टरीणबाईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. पण घरं मिळाली होती, बोलणार काय?

पाट्या लागल्या आणि महिन्याभरात आकडे जे घसरायला लागले! एकूण एक घरात वीज कमी. सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःहून चहा विचारला. ‘परिषदेत हेच मांडायचं,’ ते म्हणाले. ‘सरकारी माणसं येणार आहेत. आवडलं तर गावभर पाट्या लागतील. शेवटचे आलेख तेवढे पाठव.’ त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

पण सुख असं सरळ पदरात पडेल तर शपथ. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंची पाटी मुकी झाली, आकडे येईनात. एरवी कुणाकडे जायचं तर आदल्या दिवशी फोन करायचा, असा विद्यापीठाचा नियम होता, आणि तिनं तो कधी म्हणून मोडला नव्हता. आज मात्र काकू फोनच उचलेनात. आलेख तर पाठवायचेत. पटकन पाटी बदलू आणि निघू, असं म्हणून ती भर दुपारी जिना चढायला लागली.

दुसऱ्या मजल्यावर पोहोचली आणि जागच्या जागी थांबली. तिथे जिन्यात एक प्लग होता. फरशी धुण्याचं यंत्र लावायला कधीकाळी बसवलेला. त्या प्लगला एक एक्स्टेंशन बोर्ड, त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. एका टोकाला शिंपीणकाकू टेबल मांडून खसाखसा इस्त्री करतायत. त्यांच्या पायाशी भाताचा विजेचा कुकर शिट्टी नसल्यासारखा गुपचूप वाफ सोडतोय. पायऱ्यांवर ओळीनं मोबाइल चार्जिंगला. आणि सगळ्यांच्या मधोमध पोस्टातून निवृत्त झालेले काका, उपडी बादली ठेवून तिच्यावर बसलेत, पुढ्यात हीटर, हातात पेपर. वॉशिंग मशीन तेवढं आणायचं राहिलं होतं.

‘अगं बाई!’ काकू म्हणाल्या. ‘डॉक्टरीणबाई! फोन नाही केलास?’

‘हे... हे काय चाललंय?’

‘काय म्हणजे? तुझंच काम!’ काकू अगदी कौतुकानं म्हणाल्या. ‘हा प्लग जिन्याचा. घरच्या मीटरवर येतच नाही. काकांचं डोकं बरं का. मला तर सुचलंच नसतं.’

काका पेपराआडून लाजले. ‘त्यात काय एवढं,’ ते म्हणाले. ‘पोरीची शेवटची संधी आहे, हातभार लावायला नको?’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘अहो, पण मी काय सांगितलं होतं? नेहमीसारखं वागा म्हणून सांगितलं होतं ना?’

‘नेहमीसारखं वागलो असतो तर नापास झाली असतीस,’ काकू म्हणाल्या. ‘तुझ्या आत्यानं खिडकीतून हात जोडून सांगितलं, जरा जपून वापरा, पोरीचं भलं होईल. आता शिलाईच्या धंद्यात इस्त्री कशी जपून वापरू, सांग? मग म्हटलं, वापरू, पण दिसू नाही देणार. तू यायची असलीस की सगळं आत. फोन करतेस ते एक बरं आहे.’

ती पायरीवर मटकन बसली. म्हणजे घसरले ते नुसते आकडे. वीज जात होती तितकीच जात होती, फक्त घरातून उठून जिन्यात येऊन बसली होती. करायला गेली एक आणि झालं भलतंच!

तिचा चेहरा बघून काका हबकले. ‘जास्त कमी झालंय का?’ त्यांनी काळजीनं विचारलं. ‘किती हवंय ते सांग ना. चढवून देऊ थोडं.’

यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं! लोक वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. तिनं चार पायऱ्या खाली येऊन सरांना फोन लावला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

‘जिन्याचा मीटर तुझ्या अभ्यासात आहे का?’ सरांनी विचारलं.

‘नाही, पण...’

‘मग तू जिन्यात गेलीसच कशाला? घरांचे आकडे खरे आहेत ना? ते पाठव. हे बघ, यापुढे मुदत मिळणार नाही. मी काही करू शकणार नाही.’ आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आता सगळा राग निघाला आत्यावर. हिला कुणी सांगितलं होतं हात जोडायला? नको तिथे नाक खुपसायची सवय जन्मात जायची नाही! ताडताड जिना उतरून तिनं तळमजल्याची बेल दाबली. मग दारावर थापा मारल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

आत अंधार. आणि गारठा असा की जिना परवडला. आत्या दोन स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला रुमाल अशी उभी होती. एरवी भाची यायची तेव्हा हीटर लागलेला असायचा, दिवे लागलेले असायचे.

‘आलीस? अगं, कळवायचं नाही का?’ म्हणत आत्या लगबगीनं, म्हणजे तिला जमेल तितक्या लगबगीनं, हीटरच्या बटणाकडे निघाली.

आत्याला झापायला आलेली ती तिथेच थबकली. तिनं आत्याचा हात धरला. हात बर्फासारखा गार, बोटांचे सांधे सुजून टरारलेले. ती सरळ बाथरूममध्ये गेली. बादलीत भरून ठेवलेलं पाणी होतं, त्यात बोट घातलं तर कळ आली.

‘गीझर बिघडलाय?’

‘छे, चांगला आहे.’

‘मग?’

आत्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे हात केला. ‘लावला की ते कार्टं लगेच तोंड वाकडं करतं. मला नाही बघवत. म्हटलं, तुझा आकडा बिघडायचा.’

‘आत्या! पाट्या लावल्यापासून तू गार पाण्यानं अंघोळ करतेयस?’

‘रोज नाही करत,’ आत्या म्हणाली.

दोन मजले चढता आले असते तर हिनंही जिन्यात हीटर लावला असता, काकांच्या शेजारी बादली टाकून गप्पा मारल्या असत्या. गुडघे नाहीत म्हणून ही खरी थंडीत बसली. सगळ्या इमारतीत वीज वाचली ती या एका घरात, आणि ती अशी वाचली.

मग तिनं आत्याला वरचं सगळं सांगितलं. प्लग, इस्त्री, काकांचा हीटर. आत्याचा आधी विश्वासच बसेना. मग ती पेटली.

‘मेले! मला रोज खिडकीतून विचारायचे, काय आत्या, बरी आहे का तब्येत! आणि वर शेकत बसले होते?’ ती खुर्चीत बसली. ‘बरं, मरू देत. त्यांचे आकडे टाकून दे. माझा तर खरा आहे ना? माझा धर.’

‘एका घराचा अभ्यास होत नाही गं.’

‘मग सर काय म्हणाले?’

‘सर म्हणाले, सगळेच धर. कुणाला कळणार नाही.’

‘मग धर की!’ आत्या ओरडली. ‘एवढी शिकलीस आणि एवढं कळत नाही? मी काय हौस म्हणून कुडकुडले? तुझं नाव काढून टाकलं तर मी हे केलं ते कशासाठी?’

विद्यापीठाचा राग आला, सरांचा आला, वरच्यांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. ‘आत्या, मी हे दिलं ना, तर गावभर पाट्या लागतील,’ ती कशीबशी म्हणाली. ‘ज्यांना जमेल ते जिन्यात जातील. आणि तुझ्यासारख्या असतील त्या अशा अंधारात बसतील. ते मला नाही चालणार.’

आत्या शालीचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. ‘म्हणजे नाहीच का होणार तू डॉक्टरीण?’ तिनं मग हळूच विचारलं.

‘नाही.’

आत्यानं तोंड फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते भाचीला दिसू नयेत एवढीच तिची धडपड होती. भाची उठली. तिनं हीटर लावला, सगळे दिवे लावले, गीझर सुरू केला. पाणी तापल्यावर आत्याला दंडाला धरून बाथरूमपर्यंत नेलं. जाताना आत्या तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती, इतकी रागावली होती.

दार लागल्यावर ती बाहेर जमिनीवर बसली आणि सरांना लिहिलं, ‘आकडे खोटे आहेत. मी पाठवणार नाही.’ पाठवून टाकलं. इतकी वर्षं. उद्या घरी काय सांगायचं, मैत्रिणींना काय सांगायचं, तिला काही सुचेना.

आत पाणी पडायला लागलं. पहिला तांब्या, दुसरा तांब्या. मग पाण्याचा आवाज थांबला आणि राग कुठच्या कुठे गेलेला आत्याचा आवाज आला, ‘अगं, किती बरं वाटतंय गं!’

ती गुडघ्यांत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.