पाचव्या चाकाचं कुंकू

दचकू नका. डिकीतल्या फळीखालच्या गोल खड्ड्यातून मी स्टेपनी बोलतेय.

कारखान्यातून आम्ही पाच जणी एकत्र निघालो. चौघींना रस्ता मिळाला, मला अंधार. त्या झिजल्या, बदलल्या गेल्या. मी अजून कोरी आहे. तारुण्य टिकवायचा हा उपाय मी कुणालाच सुचवणार नाही.

गाडीच्या पहिल्या मालकीणबाई आयर्लंडमधल्या कासलबारच्या. चर्च आणि दुकान यापलीकडे त्यांनी गाडी नेली नाही आणि देवानेही वाटेत खिळा टाकला नाही. पुढे ॲथलोनच्या विभावरी आणि इंद्रनील यांनी गाडी घेतली. त्यांनी इंजिन ऐकलं, सीट चाचपली. फळी उचलून माझ्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

आणि या उन्हाळ्यात घरात स्पेन शिरला! रॉसलेअर बंदरात बोटीत गाडी चढवायची, बिलबाओला उतरवायची आणि थेट दक्षिणेला हाकायची. तिकडे सगळे उजवीकडून गाडी चालवतात, म्हणून इंद्रनीलने दिव्यांचा झोत वळवायला त्यांवर चिकटवायच्या पट्ट्या आणल्या, तिथल्या नियमाप्रमाणे पिवळी जॅकेटं सीटखाली ठेवली. सुपरमार्केटला जातानाही तो पुटपुटायचा, "उजवीकडून, उजवीकडून..."

"डॅड! वी आर स्टिल इन आयर्लंड!" मागून तन्वी किंचाळायची. ही त्यांची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र ॲथलोनची इंग्रजी. फोनवरून स्पॅनिश शिकताना ती एकदा म्हणाली, "रुएदा दे रेपुएस्तो. दॅट्स स्पेअर व्हील." मला स्पॅनिशमध्येही नाव आहे! त्या दिवसापासून मी मनाने स्पेनमध्येच होते.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरणं सुरू झालं. स्पेनमध्ये दुष्काळ पडलाय अशा तयारीने विभावरीने चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी काढली. तरी कुकर उरलाच.

"अण्णांना रोज वरणभात लागतो. कुकर आलाच पाहिजे," ती म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील, नागपूरहून आलेले.

इंद्रनीलने फळी उचलली. अखेर माझ्यावर उजेड पडला! पण त्याने मला बाहेर काढलं आणि त्या खड्ड्यात कुकर ठेवला.

"आईशप्पथ! माप घेऊन केल्यासारखा बसला."

मला शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी टेकवलं. जन्मभर ज्या प्रवासाची वाट पाहिली, त्यावर आता शिट्ट्या मारणारं एक भांडं निघालं होतं.

सकाळी अण्णा हळदकुंकू, लिंबं आणि नारळ घेऊन अंगणात आले. चारही चाकांना बोटं लावून झाली. मग म्हणाले, "जावईबापू, डिकी उघडा."

"डिकी कशाला, अण्णा?"

"पाचवं राहिलं ना. पूजा अर्धवट ठेवून समुद्र ओलांडायचा?"

इंद्रनील कान खाजवू लागला. विभावरीने फळी उचलली आणि कुकर दिसला.

"आता याला कुंकू लावू की फोडणी देऊ?" अण्णांनी विचारलं.

"अहो, परक्या देशात, डोंगरात पंक्चर झालं तर कुकर लावणार होतात चाकाला?" विभावरी नवऱ्यावर उखडली.

"कुकर तूच म्हणालीस ना!"

"कुकर न्या म्हणाले, स्टेपनी काढा नाही म्हणाले!"

"बाप्पाहो, भांडू नका," अण्णा म्हणाले. "तिकडचे लोक भात कच्चा खातात काय?"

"दे हॅव पाएया, स्पॅनिश राईस, आजोबा. इट'ल बी ग्रँड," तन्वीने निकाल दिला.

कुकर स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, परत गेला. शेडमधून मला आणून इंद्रनीलने अंगठ्याने दाबलं आणि त्याचा चेहरा पडला. माझ्यात हवाच नव्हती! इतकी वर्षं कुणी विचारलं होतं? वाटेतल्या पंपावर मी छातीभर हवा घेतली. अण्णांनी कुंकवाचं बोट मात्र अंगणातच लावलं होतं, मधोमध.

आता आम्ही बोटीच्या पोटात आहोत. खाली समुद्र गुरगुरतोय आणि माझ्या डोक्यावर चिवड्याचा डबा खुळखुळतोय. आयुष्यभर मी एका खिळ्यासाठी नवस केला. आज चौघींसाठी प्रार्थना करतेय, त्यांना काही होऊ नये.

तुम्हीही निघण्यापूर्वी आपल्या गाडीची फळी एकदा उचला, अंगठ्याने दाबून बघा. तिथेही कुणीतरी वाट पाहत असेल.

आणि देवा, परतीच्या वाटेवर, घराजवळ आल्यावर, अगदी बारीकसा एखादा खिळा... बघ, जमलं तर.