बांधणीबाईंचा डावा हात

सकाळी जाग आली तेव्हा बांधणीबाईंच्या पोटावर कुणाचा तरी हात होता. ऊबदार, जरासा जड. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "अहो, हात काढा, उठू द्या मला."

"काय म्हणालीस?" यजमानांचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "चहा टाकलाय मी."

बाईंनी डोळे उघडून पाहिलं. हात त्यांचाच होता. डावा.

महिन्यापूर्वी त्यांच्या मेंदूत एक छोटीशी गुठळी झाली होती. आठ दिवस दवाखान्यात काढले. तोंड वाकडं झालं नाही, बोलणं अडखळलं नाही, पाय धड राहिले. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. डावा हात काही दिवस लुळा होता, मग तोही हलायला लागला. मूठ वळायची, पेला उचलता यायचा. फक्त तो हात आपला वाटायचा नाही. कुणीतरी आणून खांद्याला जोडलाय आणि परत न्यायचं विसरून गेलंय, अशी काहीतरी गत झाली होती. हे त्यांनी कुणापाशीच काढलं नव्हतं. काढून सांगणार काय? लोक म्हणाले असते, हात वाचला पण बाईचं डोकं गेलं.

त्या दिवशी मात्र यजमान कप घेऊन समोरच येऊन बसले. "कुणाला म्हणत होतीस, हात काढा?"

"तुम्हाला."

"मी तर गॅसपाशी होतो."

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. यजमानांनी आयुष्यभर लोकांच्या दारोदार जाऊन विजेचे मीटर वाचले होते. जे डोळ्यांना दिसतं तेवढं लिहायचं, अशी त्यांची सवय. त्यांनी बाईंचा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. "दिसायला तर तोच आहे," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस तर असेल. चल, डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. मेंदूत सगळ्या शरीराचा एक नकाशा असतो, त्यातला डाव्या हाताचा कोपरा पुसट झालाय, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"नकाशा पुसला म्हणून गाव कुठे जातं का?" बाईंनी विचारलं.

"गाव जागेवरच आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "वाट सापडायला वेळ लागेल, एवढंच."

वाट दाखवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. ती टेबलावर उभा आरसा ठेवायची. डावा हात आरशामागे, उजवा पुढे. उजवा हलवला की आरशात डावाच हलतोय असं दिसायचं. मग ती दोन्ही हातांवरून मऊ ब्रश फिरवायची आणि म्हणायची, "काकू, नुसतं बघत राहा." बाई बघत राहायच्या. आपण आपल्यालाच फसवायला शिकतोय, असं त्यांना वाटायचं.

दोन महिन्यांनी त्या कामावर रुजू झाल्या. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात दुरुस्तीची खोली होती. तिथे एकतीस वर्षं त्यांनी फाटकी, विसविशीत पुस्तकं पुन्हा शिवून उभी केली होती. खरं नाव पगारपत्रकापुरतं, एरवी सगळ्यांच्या तोंडी 'बांधणीबाई' हेच. सोबतीला खळभाऊ होते. खळ शिजवणं, पुठ्ठे कापणं, कापड चिकटवणं हे त्यांचं काम. शिवण बाईंची.

पण ग्रंथपालांनी बाईंना तळघरात जाऊच दिलं नाही. "तब्येत सांभाळा," ते आपुलकीनं म्हणाले. "वर काउंटरवर बसा. शिक्के मारायचे, एका हाताचं काम."

बाई काउंटरवर बसू लागल्या. काम सोपं होतं आणि दिवस सरता सरत नव्हता. वाचक यायचे, पुस्तक पुढे करायचे, "मॅडम, जरा लवकर" म्हणायचे. त्यातली निम्मी पुस्तकं बाईंनी शिवलेली होती, पण हे वाचकांना कसं कळणार? हात तर परका झालाच होता, आता नावही गेलं. तळघरातली बांधणीबाई कुठेतरी रजेवर गेलीये आणि तिच्या जागी ही कुणी मॅडम बसवलीये, असं त्यांच्या मनात यायचं.

एके दिवशी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आले. त्यांचं आणि बाईंचं जुनं नातं. त्यांच्या घरची जुनी पुस्तकंही बाई शिवून द्यायच्या. आज त्यांच्या काखेत एक जाड पुस्तक होतं, दोऱ्यांवर लोंबणारं. बाईंना वर बसलेलं पाहून ते चकित झाले. खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाईंनी हाताची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता सरांचे डोळे चमकू लागले.

"बाई, अहो, हा तर आमचा फार जुना प्रश्न!"

"प्रश्न तुमचा असेल सर. हात माझा आहे," बाई म्हणाल्या आणि स्वतःशीच अडखळल्या. "म्हणजे, असायचा."

सर स्टूल ओढून बसले. "असं बघा. उद्या हा हात नसला, तरी तुम्ही तुम्हीच राहणार ना? केस कापले, दात पडला, तरी माणूस तोच. मग हात म्हणजे काही तुम्ही नव्हे. तुम्ही त्याच्या पलीकडच्या. चिंता कसली करता?"

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "सर, एकतीस वर्षं तुम्ही पुस्तकं कुणाकडे आणत होता? त्या पलीकडच्या बाईकडे?"

सर काखेतल्या पुस्तकाकडे बघू लागले.

"या हाताकडेच आणत होता ना? मग तो मी नव्हे, असं कसं म्हणू?"

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पुस्तक मात्र त्यांनी परत नेलं नाही. काउंटरवर ठेवून गेले. "जमेल तेव्हा," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी धाकटी बहीण भेटायला आली. धाकटी म्हणजे बोलण्याचा धबधबा. दारातून आत येतानाच तिची बडबड सुरू झाली, ती भाजी निवडायला बसल्यावरही थांबली नाही. बाईही सोबत शेंगा सोलत होत्या. एकाएकी धाकटी गप्प झाली. तिची नजर बाईंच्या डाव्या हातावर होती.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "हा आईचा हात आहे गं."

"वेडी की काय?"

"बघ ना! करंगळी अशीच आत वळलेली. आणि अंगठ्याजवळची ही शीर. आई शेंगा सोलायची तेव्हा अशीच दिसायची. तुझा हात मी कधी असा पाहिलाच नव्हता."

बाईंनीही नव्हता पाहिला. आपला हात कोण निरखून पाहतो? तो असतो आणि कामाला लागतो. आता परका झाला होता म्हणून त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला, समोर बसलेल्या माणसाकडे पाहावं तसा. आत वळलेली करंगळी. तर्जनीच्या टोकाला दाभण लागून लागून पडलेले बारीक वण. दोऱ्याने काचलेली, कायमची उमटलेली रेघ. एकतीस वर्षं उजव्या हाताने टाका घातला, त्याचं कौतुक झालं. पानं घट्ट धरून बसणारा हा, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्यांना त्याची माया आली. उजव्या हाताने त्यांनी तो हलकेच कुरवाळला.

"रडतेस काय?" धाकटी म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. यजमान आत डोकावले आणि आल्या पावली परत गेले.

सोमवारी बाई सरळ ग्रंथपालांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मला खाली पाठवा."

"अहो, पण हात?"

"त्याला घेऊनच जाते."

तळघरात खळभाऊंनी त्यांचं टेबल जसंच्या तसं ठेवलं होतं. दाभण, मेण, दोऱ्याची रिळं जागच्या जागी. "कुणी बसलं नाही इथे," ते म्हणाले, आणि खळ ढवळायला लागले.

बाईंनी सरांचं पुस्तक उलगडलं. डावा हात पानांची घडी धरायचा, पण नजर हलली की सोडून द्यायचा. पानं टेबलाखाली विखुरली. एकदा, दोनदा, पाचदा. बाईंनी मग वेगळाच उपाय केला. नवीन माणसाला शिकवावं तसं त्या हाताशी बोलू लागल्या. "धर. अजून. आता सैल सोड." खळभाऊंनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी तेही म्हणाले, "त्याला जरा चहाला सोडा, सकाळपासून राबतोय."

एरवी दीड दिवसाचं काम, त्याला आठवडा लागला. शिवण पुरी झाली तेव्हा खळभाऊ म्हणाले, झकास. ग्रंथपाल मुद्दाम खाली येऊन बघून गेले. सरांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, मिटलं. "पहिल्यासारखंच आहे, बाई."

बाईंनी ते त्यांच्या हातून घेतलं. पुस्तकाच्या पाठीवर बोट फिरवलं. खालून तिसऱ्या घडीपाशी दोरा केसभर तिरका गेला होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

"नाही," बाई म्हणाल्या. "ही शिवण माझी नाही."

हे त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की स्वतःच थबकल्या. इतके महिने हा हात माझा की कुणाचा, याचा छडा लागत नव्हता. आणि हा एवढासा टाका आपला नव्हे, हे मात्र बोट लागताच कळलं. कुणाला विचारावं लागलं नाही, आरसा लागला नाही.

सरांच्याही ते लक्षात आलं असावं.

"ठेवून जा," बाई म्हणाल्या. कात्री घेतली आणि आठवड्याभराची शिवण सगळी उसवून टाकली. खळभाऊंनी "अरे देवा" म्हणून कपाळाला हात लावला, पण नवा दोरा मेण लावून त्यांनीच पुढे केला.

दुसऱ्या खेपेला चार दिवस लागले. या वेळी बाईंनी पुन्हा पाठीवरून बोट फिरवलं आणि पुस्तक गुपचूप दाबयंत्राखाली ठेवून दिलं.

फिजिओथेरपिस्ट मुलीकडची शेवटची खेप महिन्याभराने होती. तिने मूठ पाहिली, बोटं पाहिली, कागदावर काहीबाही लिहिलं. मग विचारलं, "काकू, आता तरी वाटतो का आपला?"

बाईंनी जरा विचार केला. तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं त्यांना पटेना.

"तू विचारलंस की नाही वाटत," त्या म्हणाल्या. "कामात असले की विचारायचंच राहून जातं."

"मग मी काय लिहू?"

"कामावर आहे म्हणून लिही."

बाहेर यजमान वाट बघत होते. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, बाईंनी सांगितलं, आणि दोघं चालत निघाले. ग्रंथालयाच्या दाराशी यजमान घरच्या वाटेला वळले. बाई जिना उतरून खाली गेल्या. टेबलावर एक शब्दकोश येऊन पडला होता, पुठ्ठा निखळलेला, शेवटची पानं दुमडलेली. त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक पान सरळ करायला घेतलं.