मारशाचा कूलर

"हलू नको ना गा, झालंच आता," प्रेमिला म्हणाली आणि कोमट पाण्यात बुडवलेला कापूस तिनं सशाच्या नाकाला लावून धरला.

रात्रभरात नाकाभोवती पिवळट खपली धरली होती. ती ओढली तर कातडी सोलते. भिजवून, वाट पाहून सोडवावी लागते. नाक झालं की पुढचे पाय. ससा गळतं नाक पायांनीच पुसतो, त्यामुळे पंजांवरचे केस वाळून काड्यांसारखे होतात. ते विंचरायला तिनं दातांचा एक जुना ब्रश ठेवला होता.

काजल, तिच्या भावाची मुलगी, कॉलेजात असताना हा ससा घेऊन आली होती. तिनं नाव ठेवलं मार्शमेलो. प्रेमिलाच्या जिभेवर त्याचं मारशा झालं. महिनाभर काजलनं त्याचे फोटो काढले. मग तो शिंकायला लागला, नाक गळायला लागलं, आणि पिंजरा हॉलमधून स्वयंपाकघराच्या दाराशी आणि तिथून मागच्या टिनाच्या खोलीत सरकला. ती खोली प्रेमिलाची होती.

"हे जंतू आता जायचे नाहीत, मावशी," जनावरांच्या डॉक्टर श्वेता मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "औषधानं दबतील, औषध थांबलं की परत उठतील. तुम्ही नाक तेवढं मोकळं ठेवा. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंडानं श्वास घेतो. सशाला ते नीट जमत नाही. आणि उन्हाळा सांभाळा. आपल्याकडच्या मे महिन्यात धडधाकट ससासुद्धा टिकत नाही."

प्रेमिला प्रताप नगरातल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. त्या कमाईतून तिनं कूलर घेतला. ओल्या हवेचा झोत थेट अंगावर गेला की मारशाच्या शिंका वाढत, म्हणून कूलरचं तोंड ती भिंतीकडे ठेवायची. भिंतीवर आपटून परतणारी हवा त्याला मानवायची. घरात सगळे त्याला 'मारशाचा कूलर' म्हणून हसत. त्याच खोलीत प्रेमिलाही झोपते, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं.

"ताई." दारात तिची भावजय, माया, उभी होती. केस अजून ओले होते. "हॉलच्या कूलरची मोटर जळली ना. मिस्त्री म्हणते, सोमवारी येतो. अन् पाहुणे तर आज येऊन राहिले काजलले पाहाले. हा नेऊ का घडीभर?"

"याले गरम होईन वं."

"कन्हानहून निघाले ते. येतीन, जेवतीन, जातीन. घडीभराचा तर सवाल आहे."

"तुमच्या खोलीत ठेवू का मग याले? एसी आहे तिथं."

"तिथं काजल तयार होऊन राहिली. साडीले केस लागले म्हणजे? अन् पाहुण्यांसमोर शिंकला-बिंकला, तर म्हणतीन, घरात बिमारी आहे." माया थांबली. मग आवाज मऊ करून म्हणाली, "तुम्हीबी आतच आराम करा, ताई. काल किती वेळ फॉल लावत बसल्या. ताट मी इकडंच आणते."

प्रेमिलाच्या ओठांच्या कडांना आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. घरात त्यांचं नाव कोणी घेत नसे. घराण्यात लग्न निघालं की कोठीची किल्ली तिच्याकडे यायची. "कोठीवर घरचंच माणूस पाहिजे," असं वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे. लाडवांच्या टोपल्यांमध्ये बसून तिनं कितीतरी मंगलाष्टका ऐकल्या होत्या. अक्षता एकदाही टाकल्या नव्हत्या.

"ने," ती म्हणाली. तिचा भाऊ बळीराम कूलर न्यायला आला, तेव्हा मागून ढकलायला तिनंच हात लावला.

पाहुणे सकाळी येणार होते. ते आले तेव्हा टिन तापून कडकड वाजायला लागलं होतं. प्रेमिलानं खिडकीला ओली चादर लावली, मारशाच्या कानांवर ओलं फडकं ठेवलं. सकाळी मायाकडून मागून आणलेला बर्फ कधीच विरघळला होता, आणि उरलेला पन्ह्यासाठी राखून ठेवलेला. मारशा पोटावर पसरला होता. नाक पुन्हा भरत होतं. ती पुसायची, ते भरायचं. प्रत्येक श्वासाला घशातून बारीक शिट्टी वाजायला लागली. मग त्यानं मान मागं टाकली आणि तोंड उघडलं.

सशाला तोंड उघडून श्वास घेताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या दारानं त्याला कुठं न्यावं, तर बाहेरच्या उन्हाकडे पाहवत नव्हतं. बळीरामची खोली हॉलच्या पलीकडे होती. काजल आता हॉलमध्ये होती, म्हणजे ती खोली रिकामी होती, गार होती. मधे फक्त हॉल होता.

तिनं मायाला फोन लावला. मायाचा फोन स्वयंपाकघरात घुमत राहिला. तिनं बळीरामला लावला. हॉलमध्ये रिंग वाजलेली तिला स्पष्ट ऐकू आली, आणि तुटलेलीही.

"कोणाचा फोन आहे, घ्या ना तुम्ही," कोणीतरी म्हणालं.

"काही नाही हो, बँकवाले," बळीरामचा आवाज आला. "दिवसभर लोन पाहिजे का, लोन पाहिजे का. मी म्हटलं, पोरीचं लग्न जमू द्या, मग घेतोच."

सगळे हसले. कूलर घरघरत होता.

प्रेमिलानं मारशाला पदरात घेतलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तिनं कडी काढली, दार वितभर उघडलं. समोरच काजल बसली होती. अंगावर मोरपंखी साडी, तिचा फॉल काल प्रेमिलानंच लावलेला. कूलरच्या हवेनं तिच्या कानाजवळच्या बटा उडत होत्या. चाहूल लागून काजलनं वर पाहिलं. आत्याचा चेहरा, पदरातला ससा, त्याचं उघडं तोंड, सगळं तिनं पाहिलं. मग पाहुण्यांना कळणार नाही इतपत, तिनं मान हलवली. नाही.

ती पोर वाईट नव्हती. लहानपणी आत्याच्या हातांवरच्या डागांना ती ढग म्हणायची. आता तिचे डोळे भरून आले होते, आणि तरीही मान नाही म्हणत होती.

प्रेमिलानं दार लावून घेतलं. कडीचा आवाज होऊ दिला नाही.

ती पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्याचं नाक पुसत राहिली. शिट्टी बारीक झाली. मग थांबून थांबून आली. मग नाक भरायचं थांबलं.

जेवणं झाल्यावर हात धुवायला मुलाची आई मागच्या बाजूला आली. तिला वाट दाखवायला सोबत कोणी नव्हतं. तिनं मोरीचं समजून प्रेमिलाच्याच खोलीचं मागचं दार ढकललं.

"अगं बाई, इथं कोणी आहे का?" ती म्हणाली. "तुम्ही काजलच्या कोण?"

"आत्या."

"मंग बाहेर काहून नाही आल्या? किती उकडून राहिलं इथं. या ना, तिकडं कूलरची हवा आहे मस्त." तिची नजर प्रेमिलाच्या हातांवर गेली, तिथं क्षणभर थांबली. प्रेमिलानं सवयीनं पदर ओढला. "राहू द्या हो," ती बाई सहज म्हणाली. "माझ्या नंदेलेबी आहे. आमच्या पोराची आत्या. तिनंच तर काजलचा फोटो पसंत केला. गाडीत जागा नव्हती, नाहीतर आलीच असती आज." मग तिनं वाकून मांडीकडे पाहिलं. "झोपला का हा?"

"हो," प्रेमिला म्हणाली.

"किती शांत झोपते, नाही?" त्या बाईनं एक बोट सशाच्या पाठीवरून फिरवलं. "मोरी कुठं आहे हो?"

प्रेमिलानं हातानं दाखवलं.

पाहुणे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. हॉलमधून मायाचं हसणं ऐकू येत होतं. बळीराम कूलर ढकलत घेऊन आला. शर्टाची वरची बटणं उघडी, चेहरा उजळलेला.

"जमलं ताई. हो म्हणून गेले ते. मुलाची आई तर तुले विचारून राहिली होती जाताना, तुमची ताई लई गरीब आहे म्हणे स्वभावानं." त्यानं प्लग लावला. "घ्या. मारशाचा कूलर मारशाले वापस." कूलरचं तोंड भिंतीकडे करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. झोत सरळ प्रेमिलाच्या मांडीवर आला.

मारशाच्या पाठीवरचे केस हलायला लागले. कान एकदा उचलला गेला आणि पुन्हा पडला.

"पाह्य, उठला तुझा लाडका," बळीराम हसून म्हणाला, आणि चहा सांगायला निघून गेला.

प्रेमिलानं कोपऱ्यातला ब्रश उचलला आणि मारशाचे पुढचे पाय विंचरायला घेतले.