बांधाच्या आतला रविवार

आमच्या घराभोवती मातीचा गोल बांध आहे, दोन पुरुष उंच. रेड नदी फुगली की आम्ही जागचे न हलता बेटावर राहायला जातो. फाटकाची जागा मातीनं बुजवली की झालं. बाहेर पाणी, आत घर, कोंबड्यांचं खुराडं, दोन सफरचंदाची झाडं आणि झिरपून आलेलं पाणी पुन्हा बाहेर फेकणारे दोन पंप. हे पंप चालवायला घरात माणूस लागतं. त्या एप्रिलमध्ये पूर येणार हे पक्कं झालं, तेव्हा कचेरीनं एकालाच थांबायचा परवाना दिला. तो माझ्या नावाचा होता.

गाई मेव्हण्याकडे पाठवल्या. युस्टिनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विंकलर गावी मुलीकडे, एल्सीकडे, जायचं असं ठरलं. माझा भाचा एर्विन बोट घेऊन न्यायला आला. ती बांध चढून उतरली, बॅग बोटीत ठेवली, एर्विनला म्हणाली, "एल्सीला सांग, कपडे धुतलेले आहेत," आणि बांध चढून परत आली. बॅग गेली, ती राहिली.

"परवाना एकाचा आहे," मी म्हणालो.

"मग तू जा बोटीतनं," ती म्हणाली. "तुला अंडं उकडता येतं का, ते आधी सांग."

एर्विननं खांदे उडवले आणि तो गेला. घरात आल्यावर तिनं अंगावरचा कोट काढला, खुंटीला लावला, आणि माझ्याकडे पाठ असतानाच बोलली.

"एक ऐकून ठेव, कॉर्नी. हा माझा शेवटचा पूर. पाणी ओसरलं की मी गावात राहायला जाणार आहे. तू आलास तर बरं."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात 'तू आलास तर बरं' असं ती कधी बोलली नव्हती. मी या घरात जन्मलो. माझ्या आजोबांनी ते बांधलं, आणि माझ्या बापानं मरताना मला एवढंच विचारलं होतं की छपराची पन्हाळ नीट केलीस का. गावातल्या त्या एकसारख्या घरांमध्ये, जिथे शेजाऱ्याचा रेडिओ भिंतीतून ऐकू येतो, तिथे मी काय करणार? पुढचे तीन आठवडे मला पाण्याची कमी आणि तिचीच जास्त भीती वाटत होती.

मग मी एक बेत केला. मी काही फार हुशार माणूस नाही, पण चिवट आहे. म्हटलं, हातात तीन आठवडे आहेत. या घरात तिला इतकं सुख द्यायचं की गावाचं नाव काढणार नाही.

दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या कपाटाच्या दाराला तेल घातलं. ते दार एकोणीस वर्षं कुरकुरत होतं आणि ती एकोणीस वर्षं सांगत होती. मग माळ्यावरून क्रोकिनोलचा गोल पाट काढून पुसला. टिचकी मारून सोंगट्या भोकात घालायचा हा खेळ आम्ही लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात रोज खेळायचो. पहिल्या दिवशी तिनं मला सात डाव हरवलं. आठव्याला मी म्हटलं, बोट दुखतंय. ती म्हणाली, "बोट नाही दुखत तुझं, नाक दुखतंय."

रेडिओवर दिवसभर पुराच्या बातम्या चालत. कुठं बांध फुटला, उद्या पाणी किती इंच चढणार. ऐकून ऐकून तिचे हात गार पडत. मी ठरवलं, रेडिओ दुपारी बारा वाजता एकदाच लावायचा. हे मी तिच्यासाठी केलं म्हणतो, पण मलाच झोप लागायला लागली. सकाळी स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या उचलून घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लावून ठेवायचो. तिथे वारा लागत नाही, आणि एप्रिलचं ऊन थेट मांडीवर येतं. कॉफीचे पेले घेऊन आम्ही बसायचो. बांधामुळे पाणी दिसत नसे. फक्त बदकांचा कलकलाट यायचा, आणि कधी एखादी जोडी बांध ओलांडून चक्क आमच्या अंगणात उतरायची. युस्टिना पाय सरळ करायची, डोळे मिटायची आणि साखरेचा खडा दातात धरून कॉफी प्यायची. पंपाची घरघर एका लयीत चालू असेपर्यंत सगळं बरं. जरा खोकल्यासारखा आवाज आला की दोघांच्याही माना वळायच्या.

सांगायला लाज वाटते, पण सकाळी जाग आली की मी आधी ऊन आहे का ते बघू लागलो. पूर नसताना मी कधी त्या भिंतीशी बसलो नव्हतो. वेळच नव्हता, असं मी म्हणत आलो.

एका गोष्टीनं मात्र माझा जीव खालीवर होत होता. आमच्याकडे जेवणाआधी मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करायची रीत आहे. कुणी काही बोलत नाही. घरच्या पुरुषानं मान वर केली की सगळ्यांनी करायची. मी मान वर करायचो, आणि तिची खालीच. बटाटे गार होत. पहिल्या आठवड्यात वाटलं, घाबरली असेल. दुसऱ्या आठवड्यात ती प्रार्थना आणखी लांबली. मी मनात म्हणायचो, एवढं काय मागतेय ही? इथून सुटका, दुसरं काय.

दहाव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. पाण्याच्या लाटा बांधाला चावायला लागल्या. आम्ही दोघांनी प्लास्टिकचा कागद उतारावर अंथरून त्यावर वाळूची पोती रचली, सकाळपासून दुपारपर्यंत. एकदा माझा पाय घसरला. तिनं मागून कॉलर धरली. मी गुडघ्याभर पाण्यातून वर आलो आणि कामाला लागलो. संध्याकाळी वारा पडला, बांध टिकला. मला वाटलं, चला, विषय संपला.

त्यानंतरच्या शनिवारी मी पंपाचं तेल बदलून आत आलो, तर घरभर भाजल्या पिठाचा वास. टेबलावर, ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर त्स्वीबाक मांडलेले होते. एका पावाच्या डोक्यावर दुसरा इवलासा पाव बसवलेले, लोण्यानं चमकणारे. शंभराच्या खाली नक्की नव्हते.

"कोण जेवायला येणार आहे?" मी विचारलं.

युस्टिनानं माझ्याकडे पाहिलं, मग पावांकडे पाहिलं. रविवारी दुपारी साडेतीनला आमच्याकडे फास्पा असतो. कॉफी, पाव, चीज, मुरंबा, गार सॉसेज. बोलवणं कुणालाच नसतं, ज्याला यायचं तो येतो. त्यामुळे दर शनिवारी घरातली बाई घर भरेल इतके पाव भाजते. लग्न झाल्यापासून तिनं ते केलं होतं, आणि त्या शनिवारीही हातांनी सवयीनं करून टाकलं. बाहेर दोन-दोन मैल पाणी आहे, हे डोक्यातून साफ गेलं होतं.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली. खाली बसली. मी हसायला गेलो, पण तिचा चेहरा पाहून हसू आलं नाही. तिनं एप्रनला डोळे पुसले आणि म्हणाली, "कोंबड्यांना घाल."

मी कोंबड्यांना घातले नाहीत. रविवारी दुपारी मी दाढी केली, पांढरा सदरा घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. बांधावरून अर्धी फेरी मारली आणि पुढच्या दाराशी येऊन दार वाजवलं. पुढचं दार आमच्याकडे पाहुण्यांसाठी, नाहीतर पाद्र्यासाठी. मी स्वतः ते आयुष्यात वाजवलं नव्हतं.

तिनं दार उघडलं. "काय रे? किल्ली विसरलास?"

"इकडनंच चाललो होतो," मी म्हणालो. "म्हटलं, जाता जाता डोकवावं."

तिनं माझ्या खांद्यावरून बांधाकडे नजर टाकली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. पण तिनं एप्रनला हात पुसले आणि बाजूला झाली.

"या ना. घोडा बांधलात का नीट?"

"पोहतोय तो."

"बसा, बसा. घरधनी नाहीयेत. पंपाकडे असतील."

"ऐकलंय त्यांच्याबद्दल. जरा तिरसट आहेत म्हणे."

"जरा?" ती म्हणाली आणि कॉफी ओतायला लागली.

तिनं लग्नातले पेले काढले होते. मुरंबा काढला, मनुकांचा. मी टोपी मांडीवर ठेवून पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलो. हवेबद्दल बोललो. पाहुणा आधी हवेबद्दलच बोलतो. मग पाव बघून म्हणालो, "हलके झालेत हो," आणि ती लाजली. एक्केचाळीस वर्षांत मी तिच्या पावांना कधी नाव ठेवलं नव्हतं, पण हलके झालेत असंही कधी म्हटलं नव्हतं.

दुसरा पेला झाला तेव्हा मी विचारलं. नवऱ्यानं, कॉर्नेलियस हार्डरनं, विचारलं नसतं. पाहुण्याला चालतं.

"तुम्ही गावात राहायला चाललात असं कानावर आलं."

"हो."

"घराचा कंटाळा आला का?"

"घराचा कसला कंटाळा?" तिनं त्स्वीबाकचं वरचं डोकं मोडून बशीत ठेवलं. "माझा नवरा सहासष्टचा आहे. परवाच्या वाऱ्यात पाण्यात घसरला. मी कॉलर धरली म्हणून वर आला, आणि वर येऊन मलाच म्हणतो, बघत काय उभी राहिलीस, पोतं दे. पुढच्या पुराला तो सत्तरीच्या पुढे असेल. माझ्या हातात तेव्हा एवढा जोर असेल का? घर राहील हो. बांध भक्कम आहे. मी या घरात एकटी राहीन."

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "तुमचे यजमान सांगत होते, तुम्ही जेवणाआधी फार वेळ मान खाली घालून बसता. बटाटे गार होतात म्हणाले."

"सांगितलं का त्यानं?"

"काय मागता एवढं?"

"मागायचं एकच असतं. त्याचा पाय घसरू नये. ते पटकन होतं. बाकीचा वेळ आभार मानण्यात जातो."

"कसले?"

"तुम्हाला काय करायचंय?" ती म्हणाली. पण मग सांगितलं. "तो सकाळी खुर्च्या उन्हात मांडतो, आणि माझी आधी पुसतो. कपाटाचं दार आता गप्प झालंय, तर मी उगीचच दोनदा उघडते. मला हरवणं त्याला जमत नाही तरी रोज पाट मांडून बसतो, बोट सुजलं तरी. आणि ती बदकं. एकेक गोष्ट सांगायची म्हणजे वेळ लागतोच की. राहून गेली तर वाईट वाटतं."

ती ज्याच्यासाठी आभार मानत होती, ते सगळं मी तिला अडकवून ठेवायला केलं होतं. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

घड्याळात पाच वाजले. पाच वाजता धारा काढायची वेळ, तेव्हा पाहुण्यांनी उठायचं. गोठा रिकामा होता तरी मी उठलो. ती दारापर्यंत आली. "पुन्हा या," म्हणाली.

मी पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि बांधावर चढलो. एका बाजूला पाणी क्षितिजापर्यंत, दुसऱ्या बाजूला घर. खिडकीतून ती दिसत होती, उरलेले पाव फडक्यात गुंडाळत होती. आजोबांचं घर, बापाचं घर, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या खिडकीत ती नसती तर ते चार भिंती आणि एक पन्हाळ होतं. हे कळायला मला सहासष्ट वर्षं आणि एवढं पाणी लागलं.

मागच्या दारानं आत आलो. टोपी खुंटीला लावली.

"पाणी ओसरलं की गावातलं घर बघायला जाऊ," मी म्हणालो. "पुढच्या पुरापर्यंत थांबायचं नाही."

ती फडक्याची गाठ मारत होती. ती अर्धीच राहिली. "पाहुण्यानं चुगली केली वाटतं."

"केली. आणि युस्टिना, त्या खुर्च्या. त्या मी तुला इथंच ठेवून घ्यावं म्हणून मांडत होतो. दाराचं तेलही त्यासाठीच."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग आभार कशाचे मानत होतीस?"

"ऊन तर खरंच होतं ना," ती म्हणाली.

आमच्याकडे नवरा-बायकोत आभार मानायची रीत नाही. देवाचे मानतो, शेजाऱ्याचे मानतो, भाच्यानं पेट्रोलचे डबे आणले तर त्याचेही मानतो. मी तिच्यासमोर उभा राहिलो, हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि आभार मानले. बोटीतून परत आलीस त्याचे, असं म्हणालो. कॉलरचे म्हणालो. मग पुढचं काही सुचलं नाही.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "पंपाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही."

पंप घराच्या पलीकडच्या बाजूला होते आणि खिडक्या बंद होत्या. तिला शब्दन् शब्द ऐकू आला होता. मी पुन्हा म्हणालो.