रेकॉर्डातली बायको

"त्या वारल्या असत्या तर काम सोपं होतं," प्रमिलाताई वकील बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. "वाईट अर्थानं नाही हो, काका. मृत्यूचा दाखला जोडला असता तर लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसनं बायकोचं नाव बदलून दिलं असतं, एवढंच. मंगळीबाई आहेत ना अजून?"

"हाय. खोडाळ्याला," ढवळू म्हणाला. "बाजारात कधीमधी दिसते."

जव्हारच्या त्या लहानशा ऑफिसात प्रमिलाताईंनी फाइल पुढे ओढली. ढवळूच्या श्वासाचा तेवढा आवाज येत होता, घोंगडीखालून यावा तसा.

ढवळू मोरघा पोशेऱ्याचा. ऐन विशीत तो लष्कराच्या पायोनियर पलटणीत भरती झाला आणि पेन्शनीवर येईपर्यंत अरुणाचलाच्या डोंगरात सुरुंग लावून रस्ते फोडत राहिला. भरतीच्या आधीच मंगळीशी त्याचं लग्न झालेलं होतं, म्हणून सर्विस रेकॉर्डात बायकोच्या जागी मंगळीचं नाव चढलं. ते खोटं नव्हतं. पण पलटण त्याला लवकर सोडीना. मंगळीनं सासरी राहून पावसाळ्यामागून पावसाळे नागली लावली, आणि एके वर्षी ती खोडाळ्याच्या देवजीच्या घरात राहायला गेली. ढवळू सुटीवर आला तेव्हा पंच बसले, दोघांचं ऐकलं, काडी मोडली, मोहाची दारू घेतली आणि उठले. पुढल्या सुटीत त्यानं चैतीशी लग्न लावलं.

पलटणीत परतल्यावर त्यानं तिथल्या कारकून बाबूला हे सांगितलं होतं. बाबूनं कोर्टाचा कागद मागितला. पंचांनी काडी मोडली, त्याचा कागद कुठून आणायचा? ढवळू तेव्हा तरणाबांड होता. आपल्या माघारी बायकोचं काय, हा प्रश्न त्या वयात कोणाला पडत नाही. विषय तिथंच राहिला.

रेकॉर्डात अजून मंगळीचंच नाव आहे हे चैतीला कळलं ते डोळ्यांच्या दुखण्यापायी. मोतीबिंदू काढायला तो तिला माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेला. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरवर पाहून विचारलं, मंगळी तुम्हीच ना? चैती म्हणाली, "नाय, मी चैती." मग तिचं उपचाराचं कार्ड काही झालं नाही. संध्याकाळी भाकर वाढताना ती म्हणाली, "मग एवढी वरसं मी कोणाच्या घरात राहिले?"

त्या दिवसापासून ढवळू कागदांच्या मागे लागला. प्रतिज्ञापत्र झालं, ग्रामपंचायतीचा दाखला झाला, पेपरात जाहिरातही देऊन झाली. रेकॉर्ड ऑफिसकडून दर वेळी तेच उत्तर यायचं: पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला, नाहीतर विवाह संपल्याचा कोर्टाचा आदेश. अशात त्याची छाती बिघडली. इतकी वर्षं गिळलेली दगडाची धूळ आत बसून राहिली होती. आता घरामागचा चढ चढतानाही तो दोनदा खाली बसायचा. मूलबाळ नव्हतं. तो गेला की पेन्शन थांबणार होती, आणि सरकारदरबारी चैती त्याची कोणीच नव्हती.

जमातीच्या रीतीनं काडीमोड झाली आहे असं कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागेल, असं प्रमिलाताईंनी समजावलं. त्याला साक्ष हवी. पंचांपैकी एकच म्हातारा उरला होता आणि त्याला आता स्वतःच्या लेकाचं नाव आठवत नव्हतं. राहिली मंगळी.

तो खोडाळ्याला गेला तेव्हा मंगळी ओट्यावर तांदूळ निवडत होती. देवजीला जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या लेकानं, धनेशनं, ढवळूला खाट टाकून दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग तोही खाली बसला.

"फौजीबाबा, तुमचं म्हणणं खरं हाय," तो म्हणाला. "पण तुमचा कागद सरळ करायचा तर आमचा वाकडा होतो."

देवजीला मिळालेला वनपट्टा, म्हणजे कसायची जंगलजमीन, आता मंगळीच्या आणि धनेशच्या नावावर व्हायचा होता. देवजीच्या भावानं त्याला हरकत घेतली होती. ही बाई माझ्या भावाची लग्नाची बायकोच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आई कोर्टात उभी राहून मी आधी फौजीची बायको होते असं बोलली की चुलता विचारणारच, काडीमोडीचा कागद कुठं आहे?

तोच प्रश्न ढवळूलाही बाबूनं विचारला होता. त्यानं मंगळीकडे पाहिलं. ती सुपातले खडे वेचत राहिली. तिच्या हातांवरचं गोंदण आता हिरवट, फुटल्यासारखं झालं होतं. तो उठला, येतो म्हणाला, आणि रस्त्यापर्यंत येईतो तीनदा थांबला.

घरी आल्यावर त्यानं चैतीला झालं ते सांगितलं. तिनं ऐकलं, चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"परत जाऊ नको तिच्या दारात," ती म्हणाली. "तिचंपण घर हाय."

ढवळूनं मग मनातून हे सोडून दिलं. वकिलीणबाईंना सांगून यावं तेवढं राहिलं होतं. पण एके सकाळी मंगळीच पोशेऱ्याला आली, एकटी, धुतलेलं लुगडं नेसून. काडीमोडीनंतर पहिल्यांदाच ती त्या अंगणात पाय टाकत होती. चैतीनं तिला चहा दिला. मंगळीनं तो उभ्यानंच घेतला आणि कप धुऊन ठेवला.

"पंचांनी तुला इचारलं व्हतं, बायकोत काय खोट हाय," ती ढवळूला म्हणाली. "तू म्हणालास, खोट नाय, मीच घरात नव्हतो. तू तसं बोललास म्हणून माझ्या भावांनी माझ्यावर हात उचलला नाय. चल, कुठं बोलायचं ते दाखव."

"आन तुझी जमीन?"

"ते मी बघीन. धनेश बोलत नाय माझ्याशी. बोलंल."

अर्ज दाखल झाला. तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पडली. निकालाला वर्ष-दोन वर्षं लागतील, असं प्रमिलाताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ढवळूला किती दिवस उरलेत म्हणून सांगितलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही.

साक्षीच्या दिवशी तिघं एकाच जीपमधून जव्हारला आली. ढवळू ड्रायव्हरशेजारी, दोघी मागे, मध्ये जांभळाची पाटी घेतलेली एक म्हातारी. कोर्टाच्या व्हरांड्यात प्रमिलाताईंनी मंगळीला काय बोलायचं ते सांगितलं. रेकॉर्डात तिचं नाव मंगळी ढवळू मोरघा असं आहे, तेव्हा त्याच नावानं उभं राहावं लागेल, तिथंच अंगठा करावा लागेल.

"म्हंजे त्याची बायको म्हणून उभं राहायचं," मंगळी सावकाश म्हणाली, "आन सांगायचं, मी त्याची बायको नाय."

"हो, बाई. तसंच आहे ते."

मंगळीनं मान हलवली. मग दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या. ढवळू खांबाला टेकून उभा राहिला. एकदा बसलं की उठताना त्याला दम लागायचा.

बऱ्याच वेळानं पट्टेवाला दारात आला आणि त्यानं पुकारा केला, "मंगळी ढवळू मोरघा!"

कोणी हललं नाही. ते नाव आपलं आहे, हे मंगळीच्या ध्यानातच आलं नाही. त्या नावानं तिला हाक मारणारी माणसं केव्हाच मरून गेली होती.

पट्टेवाला वैतागला. "ढवळू मोरघाची बायको कोण आहे?"

चैती उठून उभी राहिली.

पट्टेवाल्यानं तिला वाट करून दिली. ती दोन पावलं गेलीही, आणि थांबली. ढवळू काही बोलणार होता, पण त्याला खोकला आला. चैती मागे वळली, वाकली आणि तिनं मंगळीच्या दंडाला हात लावला.

"ऊठ," ती म्हणाली. "तुला बोलावतात."

मंगळी आत गेली. दार लोटलं गेलं. चैती बाकावर परत बसली, पदर डोक्यावर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बंद दाराकडे बघत राहिली.